ताबा सोडताना

पुणे शहराचा परिचय करून देताना आपण पेठा, वाडे, शिक्षणसंस्था आणि नाट्यगृहे यांची नावे अभिमानाने घेतो. परंतु कॅम्पापासून वानवडी-घोरपडीपर्यंत आणि खडकी, दापोडी, दिघीपासून देहूरोडपर्यंत जे दुसरे पुणे पसरलेले आहे, जेथे जुने कौलारू बंगले आणि अलीकडच्या बहुमजली इमारती एकाच आवारात नांदतात, त्या लष्करी पुण्याच्या गृहजीवनाविषयी नागरी पुणेकरास फारच थोडे ठाऊक असते. खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ रोजी झाली, पेशवाईचा अस्त झाला, आणि त्यानंतर येथे ज्या छावण्या वसल्या त्यांतून आजच्या कटक वस्त्या वाढल्या. दक्षिण कमांडचे मुख्यालय, सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, दापोडीचे लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय, खडकीचा बॉम्बे सॅपर्स अशा संस्थांमुळे देशाच्या सर्व प्रांतांतील कुटुंबे येथे येतात, दोनतीन वर्षे राहतात आणि बदलीचा हुकूम येताच निघून जातात. या वस्तीत घर कायमचे कोणाचेच नसते, आणि म्हणूनच घर सोडण्याचा एक काटेकोर शिरस्ता तेथे निर्माण झाला आहे.

या शिरस्त्यास लष्करी कुटुंबांत ‘मार्चिंग आउट’ म्हणतात. घर सोडण्याची तारीख आधी कळवावी लागते. सामान बांधून झाले, घर मोकळे झाले, की लष्करी अभियांत्रिकी सेवेचा, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘एमईएस’चा, कर्मचारी येतो आणि घर ताब्यात देताना जी यादी केली होती तिच्याशी प्रत्येक जिन्नसाची रुजवात घेतो. पंखे किती, दिवे किती, गीझर चालतो किंवा नाही, नळ गळतात काय, खिडक्यांच्या काचा शाबूत आहेत काय, कुलपांच्या किल्ल्या पुऱ्या आहेत काय, सरकारी पलंग, टेबले आणि कपाटे जशी दिली तशी आहेत काय, हे सर्व पाहिले जाते. वापराने साहजिकच होणारी झीज रहिवाशाच्या माथी मारली जात नाही. परंतु निष्काळजीपणाने झालेल्या नासधुशीची नोंद होऊन तिची भरपाई वसूल केली जाते. घरभाडे, वीज आणि पाणी यांचा हिशेब चुकता झाला म्हणजे बेबाकीचा दाखला मिळतो, आणि तो हाती पडेपर्यंत नव्या ठाण्याकडे निघालेल्या कुटुंबाचा जीव थाऱ्यावर नसतो.

या रुजवातीत स्वच्छतेचे स्थान फार मोठे आहे. मळाने काळवंडलेल्या भिंतीवर भेग आहे की केवळ डाग आहे, हे तपासणाऱ्यास कळत नाही; चिकटलेल्या थराखालचा नळ सुस्थितीत असला तरी नादुरुस्त वाटतो; आणि ज्या घराची नीट झाडलोट झालेली नाही त्या घराविषयी पाहणाऱ्याचे मत पहिल्याच खोलीत प्रतिकूल होते. पूर्वी हे काम घरचीच माणसे करीत. परंतु बहुतेक बदल्या मुलांच्या परीक्षा आटोपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाशी होतात. त्याच आठवड्यात शाळेचे दाखले, सामानाचा ट्रक, रेल्वेचे आरक्षण आणि निरोपाचे समारंभ एकावर एक येऊन पडतात. कित्येकदा साहेब आधीच नव्या जागी रुजू झालेले असतात आणि सारा व्याप एकट्या गृहिणीवर येतो. अशा वेळी मजुरी देऊन माहितगार माणसांकडून घर साफ करून घेण्याची चाल पडली, यात आळसाचा लेशही नाही. ब्रिटनमध्ये तर लष्करी वसाहतींच्या भोवती याच कामाचा स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला असून, ताबा सोडतानाच्या सफाईचे पैसे आधी भरून त्या जबाबदारीतून मोकळे होण्याची योजनाही तेथे लागू करण्यात आलेली आहे.

हे काम वरवर सोपे भासते. प्रत्यक्षात त्यास ज्ञान लागते. पहिला नियम असा की, सफाई वरून खाली आणि कोरडी आधी, ओली मागाहून. प्रथम छताची जळमटे, मग पंख्यांची पाती, मग भिंती आणि खिडक्यांचे गज, आणि सर्वांच्या शेवटी फरशी. हा क्रम मोडला तर एकच काम दोनदा करावे लागते. स्वयंपाकघरात फोडणीच्या धुराने ओट्यामागच्या भिंतीवर आणि जाळीच्या पंख्यावर जो तेलकट थर बसतो तो नुसत्या पाण्याने हलत नाही. धुण्याच्या सोड्याचे गरम पाणी त्यावर काही वेळ राहू दिले म्हणजे तो सैल पडतो. मात्र हाच सोडा ॲल्युमिनियमच्या वस्तूंस काळे करतो, हे जाणत्या माणसास ठाऊक असावे लागते. न्हाणीघरातील नळांवर आणि बादलीच्या जागी जे पांढरे क्षार साचतात ते लिंबाच्या रसासारख्या सौम्य आम्लाने निघतात. परंतु घाईने तीव्र ॲसिड ओतले तर शहाबादी फरशी आणि कडाप्पाचा ओटा हे दोन्ही चुनखडीचे दगड असल्यामुळे त्यांचा पृष्ठभागच खाल्ला जातो, आणि डाग काढण्याच्या नादात भरपाईचे नवे कलम ओढवते. याहून गंभीर गोष्ट अशी की, ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आल्यास क्लोरीन वायू निघतो. अरुंद, बंद न्हाणीघरात तो प्राणावर बेतू शकतो. पावसाळ्यात भिंतींवर येणारी बुरशी पुसून काढता येते, पण तिच्यामागची ओल वा गळती दुरुस्त झाली नाही तर ती पुन्हा उमटणारच. तिच्यावर रंगाचा हात फिरवून ती झाकणे म्हणजे पुढच्या रहिवाशाची फसवणूक करणे होय.

लष्कराने घराच्या स्वच्छतेस एवढे महत्त्व का द्यावे, याचे उत्तर इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हिंदुस्थानातील गोऱ्या सैन्यात शत्रूच्या हातून मरणाऱ्यांपेक्षा रोगाने मरणारे कितीतरी अधिक असत. १८५९ साली नेमलेल्या शाही आयोगाने १८६३ मध्ये आपला अहवाल सादर केला, तेव्हा या सैन्याचे मृत्युप्रमाण दर हजारी ६९ असल्याचे त्यात नमूद होते. या अहवालामागे फ्लोरेन्स नाइटिंगेल यांचे अविश्रांत परिश्रम होते. त्या हिंदुस्थानात कधीही आल्या नाहीत. तथापि प्रत्येक ठाण्याकडून आलेली उत्तरे अभ्यासून त्यांनी दाखवून दिले की, कोंदट बराकी, दूषित पाणी आणि सांडपाण्याचा अपुरा निचरा हेच सैनिकांचे खरे वैरी आहेत. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा आरोग्यरक्षणाविषयी पत्रव्यवहार झाला होता. १९२३ साली एमईएसची स्थापना झाली आणि लष्करी इमारतींची बांधणी व देखभाल एका खात्याकडे आली. आजच्या तपासणीच्या यादीमागे त्या दीर्घ अनुभवाचे शहाणपण उभे आहे.

पण याच शहराने स्वच्छतेचे दुसरे रूपही पाहिले आहे. १८९७ च्या प्लेगात प्लेग समितीचा अध्यक्ष रँड याच्या अधिकाराखाली गोरे शिपाई पेठांतील घरांत शिरले, सामान बाहेर फेकले गेले, खोल्या धुऊन त्यांवर चुन्याचा हात फिरवला गेला, आणि घरच्या माणसांच्या अब्रूची, देवघराची, बायकामुलांच्या भीतीची कोणी पर्वा केली नाही. रोगप्रतिबंध आवश्यक होता यात संशय नाही. तथापि त्या जुलमाने जो संताप पेटला त्याची परिणती २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर झालेल्या गोळीबारात झाली. घर साफ करण्याच्या कार्यात माणसाची प्रतिष्ठा दुय्यम मानली की उत्तम हेतूही विषारी होतो, हा धडा पुण्याने फार मोठी किंमत देऊन घेतला आहे.

तो धडा आज वेगळ्या ठिकाणी लागू करावयास हवा. रिकाम्या क्वार्टरात झाडू, पोचा आणि बादली घेऊन जी माणसे राबतात, त्यांत बहुसंख्य स्त्रिया असतात आणि त्यांची गाठ बहुधा मुकादमाशी वा कंत्राटदाराशी असते. बेबाकीचा दाखला ज्यांच्या नावे निघतो ते त्यांना ओळखतही नाहीत. पुण्यास याविषयी दिशा दाखविण्याचा अधिकार आहे. १९८० साली येथील मोलकरणींनी संप करून आपली संघटना उभारली. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली आणि तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था जन्मास आली. राज्यानेही २००८ साली घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. ज्या शहरात झाडू हाती घेणाऱ्या स्त्रीने ओळखपत्र मिळविले, दर ठरवून घेतले आणि मालकाशी समोरासमोर बसून बोलणी केली, त्या शहरात ताबा सोडतानाची सफाईही कारागिरी म्हणूनच मोजली गेली पाहिजे.

याचे व्यावहारिक रूप अवघड नाही. काम सुरू होण्यापूर्वी खोल्यांची संख्या पाहून दर लेखी ठरवावा. सामान हलल्यावर आणि तपासणीपूर्वी किमान एक पुरा दिवस सफाईस राखून ठेवावा, कारण घाईत माणूस तीव्र द्रव्यांकडे वळतो. हातमोजे, तोंडावर बांधावयाचा मास्क आणि उघड्या खिडक्या यांची व्यवस्था काम देणाऱ्याने करावी. आणि तपासणीचा निकाल काहीही लागो, ठरलेली मजुरी त्याच दिवशी हातात पडावी. लष्करी घर सोडणारे कुटुंब ज्याच्यासाठी ते घर स्वच्छ करून जाते त्यास बहुधा कधीच भेटत नाही, आणि काश्मीरमधून वा आसामातून थकून येणारे ते नवे कुटुंब मात्र पहिल्याच रात्री त्या स्वच्छतेवर विसंबून मुलांना जमिनीवर निजविते. अनोळखी माणसाविषयीची ही जबाबदारी सैन्याने नियमात बांधली, हे त्याचे मोठेपण होय. भाड्याच्या घरांत राहणाऱ्या नागरी पुण्यानेही हा शिरस्ता उचलावा, आणि दोन्ही पुण्यांनी तो पाळताना, जिच्या श्रमावर तो पाळला जातो तिचा दाम आणि मान चुकता केल्याखेरीज कोणताही हिशेब बेबाक झाला असे मानू नये.