ड्रीमलायनर नागपुरात येतं, पण गॅरेजला

वर्धा रोडवर उसाचा रस प्यायला थांबलात आणि सहज वर पाहिलंत, तर एखादे वेळी एक भलंमोठं विमान सोनेगाव विमानतळाकडे सावकाश उतरताना दिसतं. पंखांची टोकं ऐटीत वर वळलेली, इंजिनाचा आवाज आकाराच्या मानाने फारच कमी. हे बोइंग ७८७, म्हणजे ड्रीमलायनर. दिल्लीहून उडालं तर न थांबता लंडनला जातं, मेलबर्नलाही जातं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, आली बुवा नागपूरला एकदाची लंडनची फ्लाइट! रसवाल्याने मान वरही केली नाही. ग्लास विसळत म्हणाला, "गॅरेजात आलं असन."

त्याचंच खरं होतं.

झालं असं, की २००५-०६ च्या सुमारास एअर इंडियाने बोइंगकडे एकदम ६८ विमानांची ऑर्डर दिली. एवढं मोठं गिऱ्हाईक, मग वर काहीतरी द्यायला नको? भाजीवर कोथिंबीर मागतात तसं भारताने विमानं दुरुस्त करायचं केंद्र मागून घेतलं आणि बोइंगने ते नागपुरात मिहानमध्ये उभारून दिलं. कोथिंबिरीची जुडी दहा कोटी डॉलरच्या घरातली. ते सुरू झाल्यापासून बोइंग ७७७, ७८७ अशी धिप्पाड विमानं इथे सर्व्हिसिंगला येतात. नागपूरकर मात्र त्यांत बसायला आधी मुंबई, दिल्ली नाहीतर आखातातलं एखादं शहर गाठतात.

दुरुस्तीखेरीज मोठं विमान नागपुरात उतरतं ते बहुतेक आजारी पडून. देशाच्या मध्यावर असल्याचा हा फायदा: वरून जाणाऱ्या कुणालाही अडचण आली की खाली आपणच. फेब्रुवारी २०२५ मध्ये ढाक्याहून दुबईला निघालेलं एक बोइंग ७७७ असंच अवचित उतरलं. आत जवळपास चारशे माणसं. दुबईच्या वाटेवर नागपूर पाहायला मिळेल, असं त्यांच्या स्वप्नातही नसणार.

वाघाला किती पाहुणे झेपतात?

लांब पल्ल्याच्या विमानाची मागणी निघाली की आपल्याकडे पहिला हुकमाचा एक्का वाघाचा. मुद्दा खोटा नाही. ताडोबा १९५५ चं, राज्यातलं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान. पेंच तर सकाळी निघून दुपारच्या जेवणाला परत येण्याइतकं जवळ. शिवाय दीक्षाभूमी आहे, कामठीचं ड्रॅगन पॅलेस आहे.

पण जरा गणित करू. एअर इंडियाच्या जुन्या ड्रीमलायनरमध्ये २५६ सीटा. सफारीच्या जिप्सीत ड्रायव्हर आणि गाइड सोडून सहा पर्यटक बसतात. म्हणजे एका विमानातले सगळे वाघ बघायला निघाले, तर त्यांना ४३ जिप्स्या लागतील. आठवड्यातून तीन विमानं धरा, आणि मग ताडोबाच्या मोहर्ली गेटवर पहाटे साडेपाचला काय गर्दी उडेल ते बघा. वर पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर कोअर जंगल बंद. त्या तीन महिन्यांत विमानाने काय करायचं? संत्री वाहायची? संत्र्यांचाही तेव्हा सीझन नसतो.

पोस्टरवरच्या वाघाने विमान भरत नाही. ते भरतात लग्नाला येणारे, बाळंतपणाला जाणारे, आणि सामानात लोणच्याची बरणी तीन टॉवेलांत गुंडाळून नेणारे. नागपुरी भाषेत सांगायचं तर ही ये-जा करणारी माणसं म्हणजे पोहे आणि पर्यटक म्हणजे वरची तर्री. तर्रीने चव येते, कबूल. पण नुसती तर्री पिऊन कोणाचं पोट भरलंय?

गोव्याचं विमान कोणासाठी?

गोव्याचंच घ्या. मोपाचा नवा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला, आणि त्याच वर्षी जुलैत तिथून एअर इंडियाचं लंडन-गॅटविकचं विमान उडू लागलं. वाटलं, गोरे साहेब समुद्रावर पडायला येत असतील. ते येतच होते. पण खिडकीच्या सीटवर पाहिलं, तर बार्देस किंवा सालसेतची एक आजी नातवंडांना भेटून परत येत असायची. १९ डिसेंबर १९६१ च्या, म्हणजे गोवामुक्तीच्या, आधी जन्मलेल्या गोंयकाराला आणि त्याच्या पुढच्या दोन पिढ्यांना पोर्तुगीज नागरिकत्व नोंदवता येतं. त्या पासपोर्टवर हजारो गोंयकार ब्रिटनला गेले. स्विंडनसारख्या इंग्लिश गावात त्यांची वस्तीच झाली. गॅटविकच्या मार्गाला खरा आधार त्यांचा. तरीसुद्धा २०२५ च्या उन्हाळ्यात कंपनीने उड्डाणं कमी केली, तेव्हा कात्रीत सापडलेल्या मार्गांत गोवा-गॅटविक होतंच. धाकट्या शहराचं लांबचं विमान असं असतं. घरात पाहुणे वाढले की आधी त्याची गादी जाते.

गोव्याची लांब पल्ल्याची हौस मोपाहून बरीच जुनी आहे. पोर्तुगिजांनी १९५५ मध्ये तिथे स्वतःची एक छोटी विमान कंपनीच काढली होती. तिची विमानं गोव्याच्या जुन्या दाबोळी विमानतळावरून कराचीला जात, पुढे ठिकठिकाणी थांबत लिस्बनपर्यंतही गेली. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय हवाई दलाने दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले, तेव्हा तिथे दोन मोठी पोर्तुगीज प्रवासी विमानं उभी होती. रात्रीच्या अंधारात उरल्यासुरल्या धावपट्टीवरून ती दोन्ही उडाली आणि कराचीला निसटली. दाबोळीहून परदेशी गेलेलं इतकं थरारक विमान नंतर झालं नसेल. चेक-इनची रांग तर नक्कीच नसणार.

अमृतसरचा पोह्यांचा हिशोब त्याहून पक्का. बर्मिंगहॅमचे पंजाबी हेच अमृतसर-बर्मिंगहॅम मार्गाचं भांडवल. गुरू नानकांच्या ५५० व्या जयंतीनिमित्त २०१९ मध्ये एअर इंडियाने एका ड्रीमलायनरच्या शेपटीवर 'इक ओंकार' रंगवलं आणि ते मुंबई-अमृतसर-लंडन असं धाडलं. आपल्या नांदेडचा धागा इथेच जुळतो. तिथल्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यासाठी डिसेंबर २०१७ मध्ये अमृतसर-नांदेड थेट विमान सुरू झालं. भाविकांसाठी नांदेड हे जगाच्या नकाशावरचं गाव आहे. शेजारच्या जिल्ह्यांनाच ते कधी लक्षात येत नाही.

आणि पुणे? पुण्याने अर्थातच वेगळं काहीतरी केलं. २००८ मध्ये लुफ्थान्साने पुणे-फ्रँकफर्ट सुरू केलं, ते एका छोट्या एअरबसवर. आत सीटा पन्नाससुद्धा नाहीत, आणि आहेत त्या सगळ्या बिझनेस क्लासच्या! पर्यटनाशी काडीचा संबंध नाही. चाकण-पिंपरीतल्या जर्मन कंपन्यांचे साहेब म्हणजे गिऱ्हाईक. शनिवारवाडा बघायला कोणी येत नव्हतं, आणि पुण्यानेही कोणाला बोलावलं नव्हतं.

मे महिन्यात विमानालाही धाप लागते

पुण्याला छोटं विमान पुरलं याला आणखी एक कारण होतं. तिथल्या लोहगाव विमानतळाची धावपट्टी साधारण २,५३५ मीटर, तीही हवाई दलाची, आणि शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर. उंचावर हवा विरळ, उन्हाने ती आणखी विरळ होते. विरळ हवेत पंखाला उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही घटतो. मग एकतर धावपट्टी लांब हवी, नाहीतर वजन कमी हवं. वजन कमी करायचं म्हणजे माणसं उतरवा किंवा इंधन उतरवा. इंधन उतरवलं की लांबचा पल्ला गेलाच.

ड्रीमलायनरची टाकी पूर्ण भरली तर सव्वा लाख लिटर. आपल्या स्कूटरची टाकी पाच लिटरची धरली, तर पंचवीस हजार स्कूटरी एका घोटात. आखातातून कितीतरी लांबची विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. त्यात पलीकडच्या वेळापत्रकांचा भाग आहे, पण रात्रीची गार हवाही विमानाच्या पथ्यावर पडते. नागपूरची धावपट्टी ३,२०० मीटर, म्हणजे तक्रारीला फारशी जागा नाही. मोपाची तर ३,५०० मीटर. मेमधल्या पंचेचाळीस डिग्रीचं मात्र कोणी काही करू शकत नाही. आम्ही तरी कुठे काय करू शकतो?

कागद आडवा येतो

धावपट्टी आहे, माणसं आहेत, मग विमान का नाही? कारण दोन देशांच्या करारात तुमच्या गावाचं नाव नाही. कोणत्या परदेशी कंपनीने कोणत्या शहरात उतरायचं, हे सरकारं आपसांत ठरवतात. यादीतल्या शहराला 'पॉइंट ऑफ कॉल' म्हणतात. केरळचं कन्नूर विमानतळ डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झालं, धावपट्टी तीन हजार मीटरच्या वर, आखातात जाणाऱ्या माणसांची मोठी वस्ती आसपास. पण नाव यादीत नाही, म्हणून परदेशी कंपन्यांच्या नियमित विमानांची वर्षानुवर्षं वाट बघणं चालू.

आता याच्या उलट गंमत. आग्नेय आशियाच्या कंपन्यांना भारताने वीसेक वर्षांपूर्वी अठरा पर्यटन शहरांची दारं सताड उघडून दिली: कितीही विमानं आणा. त्या अठरांत आपलं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर, होतं. वेरूळ तासाभरावर, अजिंठा शंभर किलोमीटरवर, विमानतळाच्या सुधारणेला जपानचं कर्ज. दार उघडं, अंगणात सडा, रांगोळी. बँकॉक-सिंगापूरचं नियमित विमान काही तिथे रुजलं नाही. अजिंठ्याला पोहे मिळाले नाहीत, नुसती तर्रीच.

कंबोडियाचं अंकोर वाट मात्र उलटं निघालं. तिथल्या सीएम रीपला जुना विमानतळ मंदिरांच्या फारच जवळ होता. विमानांच्या कंपनांनी देवळांना धक्का पोचेल ही धास्ती. म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये चाळीस किलोमीटर लांब नवा विमानतळ उघडला, लांब पल्ल्याची मोठी विमानं झेलणारी ३,६०० मीटरची धावपट्टी घेऊन. आपल्याला देऊळ हलण्याची चिंता नाही. आपलं विमानच हलत नाही.

वधूवर मेळावा

विमानतळ आणि विमान कंपन्या भेटतात कुठे? मेळाव्यात. 'रूट्स' नावाचं संमेलन १९९५ पासून भरतं, पहिलं फ्रान्समधल्या कान शहरात झालं. टेबलं मांडलेली असतात आणि भेटीला मोजकी मिनिटं मिळतात. विमानतळवाले बायोडेटा पुढे करतात: लोकसंख्या इतकी, विद्यार्थी इतके, हॉटेलच्या खोल्या इतक्या, धावपट्टी लांब, स्वभाव मनमिळाऊ. कंपनी मान हलवते, "कळवतो" म्हणते. पुढचं आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

हुंडासुद्धा असतो. अमेरिकेतल्या पिट्सबर्गने २०१९ मध्ये सुरू झालेलं लंडनचं थेट विमान मिळवायला ब्रिटिश एअरवेजला दोन वर्षांत तीस लाख डॉलर देऊ केले. सासरच्यांनी ते घेतले.

उलट श्रीलंकेतल्या मत्तलाने मांडव घातला आणि वऱ्हाडच आलं नाही. २०१३ मध्ये तिथे साडेतीन किलोमीटरची धावपट्टी आणि वर्षाला दहा लाख प्रवाशांची सोय तयार झाली. विमानं इतकी कमी, की मालाच्या गोदामात भात साठवायला दिला. धावपट्टीवर हरणं, रानम्हशी, हत्ती. त्यांना हुसकायला २०१६ मध्ये शेकडो सैनिक आणि पोलिस लागले. सफारीचं गेट थेट धावपट्टीवर, ही सोय अजून ताडोबालाही नाही.

दोनदा सूर्य उगवतो तो प्रवास

धाकट्या शहरांच्या लांब पल्ल्यात पहिल्या बाकावर बसतं ते ऑस्ट्रेलियातलं पर्थ. मार्च २०१८ पासून तिथून लंडनला थेट विमान जातं: १४,४९८ किलोमीटर, सतरा तासांच्या आसपास. पर्थकरांना याचं फारसं अप्रूप वाटू नये. दुसऱ्या महायुद्धात १९४३ ते ४५ दरम्यान पर्थच्या नदीतून कॅटालिना नावाची पाण्यावरची विमानं उडत आणि थेट श्रीलंकेतल्या कोग्गलाच्या तळ्यात उतरत. इंधनाचा भार इतका की प्रवासी जास्तीत जास्त तीन. रेडिओ बंद, वाट दाखवायला आकाशातले तारे. सर्वांत लांबलेल्या खेपेला बत्तीस तास नऊ मिनिटं लागली. प्रवासात सूर्योदय दोन व्हायचे, म्हणून प्रवाशांना 'डबल सनराइज' मंडळाचं सदस्य झाल्याचं प्रमाणपत्र मिळे. जेवणाचं काय, हे विचारायचं नाही.

मध्यरात्रीचं नागपूर

आणि आता घरचं. ३० जानेवारी १९४९ पासून रोज रात्री दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून एकेक विमान उडायचं आणि चौघं मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरात जमायची. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची, काही प्रवासीही विमान बदलायचे, आणि पहाटेपर्यंत चारही विमानं आपापल्या घरी परत. मधे एक गाव धरायचं, सगळं रात्री तिथे आणायचं, वाटून परत पाठवायचं, या कल्पनेवर फेडेक्सने १९७३ मध्ये मेम्फिसमध्ये आपलं साम्राज्य उभं केलं. नागपूर चोवीस वर्षं आधीच हे करत होतं, डाकोटा विमानांवर, आणि कोणाला न सांगता. हे जगात कुठे सांगितलं की लोक 'व्वा' म्हणतात. नागपुरात सांगितलं की "हो का?" म्हणतात आणि मिसळीची ऑर्डर देतात.

परवा पुन्हा वर्धा रोडला होतो. दुरुस्ती संपलेलं एक ड्रीमलायनर परत निघालं होतं. धावपट्टी मोठी, वजन हलकं, त्यामुळे विनासायास चटकन वर उठलं. रसवाल्याने या वेळी हात कपाळावर धरून पाहिलं.

"कुठं चाललं?"

"दिल्लीला असेल."

"कोन हाय आत?"

पायलट, आणि मागे २५६ रिकाम्या सीटा.