पेशींनाही पत्ता असतो

सेक्टर, सडक आणि क्वार्टरचा क्रमांक ठाऊक असला की भिलाईत नवख्या पाहुण्यालाही घर सापडते. रक्तातील पांढऱ्या पेशींची वाटचाल अशीच असते. अवयवांतून स्रवणारी केमोकाइन ही प्रथिने त्यांना हाक देतात व पेशीवरील ‘ग्राही’ ती ओळखतात. दुर्दैवाने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या काही पेशींवरही सीएक्ससीआर-४ हा ग्राही आढळतो. आतड्याचे रक्त आधीच यकृताकडे जाते. तेथून हीच हाक आली, की रोगाला तेथे बस्तान बसवणे सोपे जाते.

हा ग्राही अडवणारे प्लेरिक्साफॉर अमेरिकेत २००८ साली मान्य झाले, पण मूळपेशी गोळा करण्यासाठी. आतड्याच्या कर्करोगावर अद्याप संशोधनच चालू आहे. जठराच्या वाढलेल्या कर्करोगात मात्र एचईआर-२ या निराळ्या ग्राहीवर नेम धरणारे ट्रॅस्टुझुमॅब २०१० पासून मान्य आहे. तेही सर्वांना लागू पडत नाही. म्हणून नातलगाने औषधाचे नाव विचारण्यापूर्वी, गाठीच्या तुकड्याच्या अहवालात एचईआर-२ कसे निघाले, हे डॉक्टरांना विचारावे.