कुलूप फोनवर, किल्ली शेजारी

मुरूड, म्हसळा, श्रीवर्धनच्या मोहल्ल्यांत बंद दारे बरीच दिसतात. घरातली माणसे कुवेतला, सौदीत किंवा मुंबईत असतात आणि किल्ली शेजारच्या खालांकडे. आता अशा घरांसाठी फोनवरून उघडणाऱ्या स्मार्ट कुलपाची चर्चा सुरू झाली आहे. ते घ्यावे का?

सोय नक्कीच आहे. वायरमन येणार असेल, तर परदेशातून त्याला तासाभरापुरता कोड देता येतो. दार कधी उघडले, हेही कळते. अब्बा किल्ली विसरले, तरी दाराबाहेर ताटकळत नाहीत.

पण आपला किनारा विसरून चालणार नाही. ही कुलपे बहुधा पेन्सिल सेलवर चालतात, त्यामुळे वीज गेली तरी दारावरचे कोडचे बटण चालते. लांबून उघडायचे असेल, तर मात्र घरातले वायफाय चालू हवे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले, तेव्हा विजेचे खांब आडवे झाले, फोन बंद पडले आणि कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. अशा वेळी कुवेतमधल्या फोनचा उपयोग शून्य. म्हणून साधी किल्ली चालणारे आणि सेल संपल्यास बाहेरून पॉवर बँक लावता येणारे कुलूपच घ्यावे.

आपल्याकडे पावसाळ्यात लाकडी दार फुगते. खिट्टी अडली की मोटर झगडते आणि सेल लवकर संपतात. खारी हवा धातूला गंज आणते. म्हणून आधी सुताराकडून दार नीट बसवून घ्यावे आणि पावसाळ्यापूर्वी सेल बदलावेत. कष्टाने घासलेल्या बोटांचा ठसा यंत्र कधी कधी ओळखत नाही, तेव्हा वडीलधाऱ्यांना कोडही शिकवून ठेवावा.

सुरक्षेचे म्हणाल, तर मागचे दार कच्चे असेल तर पुढच्या महागड्या कुलपाचा काय उपयोग? चोर कोड शोधत बसत नाही, कोयंडा उपटतो. काम झाले की दिलेला कोड काढून टाकावा. ओटीपी कुणालाही सांगू नये. फोन हरवला, तर लगेच दुसऱ्या फोनवरून पासवर्ड बदलावा.

आणखी एक गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. अम्मी किती वाजता बाहेर पडल्या, हे या कुलपामुळे लेकाला दूरदेशी कळते. ही काळजी असली, तरी अम्मींना ती पाळत वाटू शकते. त्यांना सांगून, त्यांच्या मर्जीनेच कुलूप लावावे.

आणि एक किल्ली खालांकडे राहू द्यावी. त्यांनी ती अमानत म्हणून सांभाळली आहे. छप्पर गळते आहे, हे फोनला दिसत नाही, त्यांना दिसते.