आकड्यामागची नावे

इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकावर पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात कामी आलेल्या चाळीस हजारांहून अधिक सैनिकांची नोंद आहे. अधिकाऱ्यांची आणि ब्रिटिश शिपायांची नावे दगडात कोरलेली आहेत. साध्या हिंदी शिपायांची मात्र नावेच नाहीत, पलटणीखाली नुसता मृतांचा आकडा आहे. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर तिथे लढल्या, कुतच्या वेढ्यात उपाशी राहिल्या, आणि २९ एप्रिल १९१६ च्या शरणागतीनंतर त्यांतले जे उरले ते तुर्कांच्या कैदेत गेले. आपल्याकडेही अनेक गावांत तेव्हाच्या सरकारने बसवलेल्या संगमरवरी पाट्या आहेत. गावातून किती जण लढाईला गेले आणि किती पडले, एवढेच त्या सांगतात. तिथेही आकडाच.

त्या आकड्यामागचा माणूस शोधायचा असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची नोंदवही उघडावी. फेबियन वेअर हा गृहस्थ १९१४ मध्ये रेडक्रॉसच्या गाड्यांची एक तुकडी घेऊन फ्रान्समध्ये आला. रणांगणावरच्या कबरी कोणी टिपून ठेवत नाही हे पाहून त्याने ते काम अंगावर घेतले. त्यातून २१ मे १९१७ च्या राजसनदेने ही संस्था उभी राहिली. आज दीडशेहून अधिक देश-प्रदेशांत पसरलेल्या १७ लाख मृतांची नोंद तिच्याकडे आहे. १९९८ पासून ही वही इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य पाहता येते. खडकीच्या युद्धस्मशानभूमीत दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ कबरी आहेत. त्यांतला आपला माणूस परदेशातली कुटुंबे याच वहीत शोधतात.

मराठी घरांना कबर सापडण्याची आशा बहुधा नसते, कारण हिंदू शिपायांना शक्य तिथे अग्नी दिला जाई. त्यांची नावे स्मारकांवर असतात: फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेलला, इटलीत सांग्रो नदीकाठी आणि कसिनोला. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले रायगडचे यशवंत घाडगे यांचे नाव कसिनोलाच आहे. बसऱ्याच्या दगडावर नसलेली कितीतरी हिंदी नावे या वहीत मात्र आहेत, आणि मला तिचे मोल वाटते ते यासाठीच.

शोधाला सुरुवात घरातल्या ट्रंकेतून करावी. पहिल्या महायुद्धाच्या चांदीच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. भिंग घेऊन ती कडा वाचावी. मग वहीत शोधताना नावापेक्षा नंबर आणि पलटण यांवर अधिक विसंबावे, कारण नावे इंग्रज कारकुनांनी कानाला लागली तशी लिहिली आहेत. मराठा हा शब्दसुद्धा तिथे ‘माहरट्टा’ अशा स्पेलिंगने सापडतो. आडनावाच्या रकान्यात कधी अख्खे नाव असते, म्हणून पवार, जाधव असे नुसते आडनाव घालून थांबू नये. कोणत्या सैन्यात होता या रकान्यात ‘इंडियन’ निवडावे आणि जादा माहितीच्या रकान्यात गावाचे नाव घालून पाहावे. बापाचे नाव, गाव, जिल्हा हा मजकूर तिथेच असतो. जिल्हे मात्र जुने आहेत, रायगड शोधायचा तर कुलाबा लिहावे लागते. नाव सापडले की स्मारक आणि मृत्यूची तारीख कळते. पलटण त्या तारखेला कुठे होती, हे तिच्या युद्धदैनंदिनीत पाहता येते.

पहिल्या महायुद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ एवढ्याच काळातले मृत्यू इथे धरले आहेत. जिवंत परतलेला आजोबा इथे मिळणार नाही.

मेल्यावर सगळे सारखे, हे या संस्थेचे तत्त्व होते. ते सर्वांना लागू झाले नाही. एप्रिल २०२१ मध्ये कमिशनच्याच समितीने कबूल केले की पहिल्या महायुद्धातल्या किमान १,१६,००० मृतांचे नावानिशी स्मरण झालेले नाही, कदाचित काहीच स्मरण झालेले नाही; हा आकडा साडेतीन लाखांपर्यंतही जाऊ शकतो. त्यांत बहुतेक आफ्रिका आणि मध्यपूर्वेतले होते. ४५ ते ५४ हजार जणांचे स्मरण इतरांच्या बरोबरीने झाले नाही, आणि त्यांत हिंदी सैनिक होते. हा अन्याय कागदांच्या आधारेच भरून निघू शकतो. ब्रायटनजवळ अग्नी दिलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांची नावे २०१० मध्ये दगडावर कोरली गेली. ज्यांच्या घरी पेन्शनचा कागद, तार किंवा पदक आहे आणि वहीत नाव नाही, त्यांनी ते पुरावे कमिशनकडे पाठवावेत. राहून गेलेली नावे पुराव्यावरून आजही दाखल करून घेतली जातात.