मोटारखान्यांतील उंदीर : जिवंत धरण्याची रीत व पुढील विचार

ज्या पडवींत पूर्वीं बैलगाडी व नांगर असत, तेथें आतां पुष्कळ शेतकऱ्यांच्या घरीं ट्रॅक्टर, मोटारसायकल व फवारणीचा पंप हीं यंत्रें उभीं असतात. शेजारींच पेंडीचीं पोतीं व बियाण्याच्या पिशव्या रचलेल्या असतात. ऊब, अंधार, आडोसा व अन्न हीं चारहि एका छपराखालीं मिळाल्यावर उंदरानें तेथें बिऱ्हाड केलें, तर त्यांत नवल तें काय? ऐन पेरणीच्या दिवशीं ट्रॅक्टर सुरू होऊं नये आणि झांकण उघडतांच तारांवरचें वेष्टण कुरतडलेलें दिसावें, ही गोष्ट आतां अपूर्व राहिलेली नाहीं. उघड्या पडलेल्या तारा एकमेकींस लागून आग लागण्याचेंहि भय असतें. उंदीर तारा भुकेपोटीं खात नाहीं. त्याचे पुढचे दांत जन्मभर वाढत असतात व ते झिजविण्यासाठीं त्यास कांहींतरी कुरतडावेंच लागतें.

प्रथम चोर कोणता तें ओळखावें. शेपटी अंगापेक्षां लांब असून आढ्यावर व वाशांवर सहज चढतो, तो काळा घरउंदीर. जमीन उकरून बिळाच्या तोंडाशीं मातीचा ढीग करते, ती घूस. दिवसा नासधूस होत असेल, तर ती खारीची असण्याचा संभव आहे. लांबट नाकाची व उग्र वासाची चिचुंद्री मात्र उंदरांच्या जातीची नव्हे. ती मुख्यतः किडे खाते. पिंजऱ्यांत सांपडल्यास तिला तात्काळ सोडून द्यावें.

विष घालणें अनेकांस सोपें वाटतें. पण घराला लागून असलेल्या मोटारखान्यांत आम्ही त्याची शिफारस करीत नाहीं. विष खाल्लेला उंदीर भिंतींत वा छपरांत जाऊन मरतो व दुर्गंधी सुटते. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला, आणि तो उंदरांवरील पिसवांमुळें पसरतो असें पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनीं १८९८ सालीं कराचींत दाखविलें. उंदीर मरून थंड पडला कीं पिसवा त्यास सोडून दुसरें अंग शोधतात, हें ध्यानांत ठेवावें. शिवाय असा उंदीर खाऊन मांजर, कुत्रें व गव्हाणी घुबड हीं आपलीं मदतनीस दगावतात. चिकट फळीवर तर प्राणी तासन्‌तास तडफडतो. पाली व पांखरेंहि तीवर अडकतात. तिचा वापर करूं नये, असें भारतीय पशुकल्याण मंडळाचेंहि सांगणें आहे.

तारेच्या जाळीचा, दार आपोआप पडणारा पिंजरा हेंच येथें योग्य साधन होय. उंदीर भिंतीच्या कडेनें ठराविक वाटेनें जातो. त्या वाटेवर लेंड्या व अंगाच्या तेलकटपणाचे काळे डाग दिसतात. तेथेंच भिंतीला लागून पिंजरा ठेवावा व तोंड मोकळें ठेवून वर गोणपाट टाकावें. नव्या वस्तूस उंदीर बिचकतो. म्हणून पहिले तीन-चार दिवस दार बांधून उघडें ठेवावें व आंत भाकरीचा तुकडा ठेवीत जावें. तो निर्धास्तपणें खाऊं लागला म्हणजे मग पिंजरा लावावा. भाजलेलें सुकें खोबरें किंवा भजें हें उत्तम आमिष. सोबत काकडीची फोड ठेवावी, म्हणजे अडकलेल्या जिवास पाण्याचा अंश मिळतो.

लावलेला पिंजरा सकाळीं व संध्याकाळीं न चुकतां पाहावा. पत्र्याच्या छपराखालीं दुपारीं भट्टी होते. तेथें विसरलेला उंदीर तहानेनें व उष्म्यानें मरतो, आणि मग जिवंत धरण्याला कांहीं अर्थच उरत नाहीं. पिंजरा उचलतांना जाड हातमोजे घालून वर कापड टाकावें. अंधारांत उंदीर शांत राहतो. उंदराच्या मुतांतून लेप्टोस्पायरोसिस हा ताप माणसास जडतो, म्हणून हात साबणानें धुवावे. पिंजरा ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानें धुऊन उन्हांत वाळवावा. लेंड्या कोरड्या न झाडतां तेंच पाणी शिंपडून पुसून काढाव्या.

आतां खरा प्रश्न. धरलेल्याचें करावें काय? पिंजरा बादलींत बुडविण्याची चाल क्रूर आहे, ती सोडावी. दूर नेऊन परक्या शेतांत सोडणें हेंहि पुण्य नव्हे. अनोळखी जागीं त्यास ना बीळ ठाऊक, ना अन्न. तो बहुधा जगत नाहीं, आणि जगला तर शेजाऱ्याचें धान्य खातो. आमचें मत असें कीं, एखाददुसरा उंदीर असल्यास तो आपल्याच हद्दींत, कोठारांपासून दूर, झुडपी बांधावर सोडावा. उपद्रव फार असेल, तर सोडण्याचा आग्रह न धरतां एका घावांत मारणारा चापाचा सांपळा वापरावा. यातना तरी टळतात.

पण दार उघडें ठेवून पाहुण्यास घालविणें व्यर्थ आहे. मादी सुमारें तीन आठवड्यांत वितें. एक धरला कीं रिकाम्या जागीं दुसरा येतो. म्हणून पोतीं मोटारखान्यांतून हलवावीं, अगर भिंतीपासून हातभर दूर, फळ्यांवर रचावीं. पेंड पत्र्याच्या डब्यांत ठेवावी. छपरावर आलेल्या फांद्या छाटाव्या. दाराखालीं पत्र्याची पट्टी ठोकावी. लहान घरउंदरास पेन्सिल जाईल एवढें, सुमारें ६ मिलिमीटरचें, भोंकहि पुरतें. म्हणून भोंकें बारीक जाळी व सिमेंट यांनीं बुजवावीं. मात्र आंत उंदीर वा पिलें नाहींत, याची आधीं खात्री करून घ्यावी. धरलेली मादी दूध पाजणारी दिसली, तर घरटें शोधल्यावांचून भोंक बुजवूं नये.

पिंजरा एक रात्र राखतो, बुजविलेलें भोंक वर्षानुवर्षें राखतें. पावसाळ्यापूर्वीं एक दिवस या कामास दिला, तर पेरणीच्या दिवशीं यंत्र दगा देणार नाहीं, आणि मुक्या जिवास विनाकारण छळण्याचा प्रसंगहि सहसा येणार नाहीं.