जीपची टकटक

जुनी पेट्रोल जीप सकाळी चालू केली की बॉनेटखालून शिवणयंत्रासारखी टकटक येते. मालक म्हणतो, टॅपेट वाजताहेत. टॅपेट सेट होतात, पैसे जातात, टकटक तशीच. गंमत अशी की दोन-चार किलोमीटर गेल्यावर ती आपोआप विरते. बीड तापून फुगतं, फट मिटते, आवाज बसतो. असं झालं की टॅपेटला हात लावू नये. मॅनिफोल्डचं पॅकिंग गेलेलं असतं. (गॅस्केट हा दुकानातल्या बिलावरचा शब्द, मिस्त्री पॅकिंगच म्हणतो.)

ही जीप म्हणजे अमेरिकेतल्या टोलेडो शहरातली विलीज. तिचं एल-१३४ इंजिन २१९९ सीसीचं, मिनिटाला ४००० फेऱ्यांवर ६० अश्वशक्ती देणारं. दुसऱ्या महायुद्धात ते सगळ्या आघाड्यांवर फिरलं. युद्ध संपल्यावर काही वर्षांतच महिंद्रांनी मुंबईत माझगावला विलीजची जोडणी सुरू केली आणि जीप हा आपल्याकडे घरगुती शब्द झाला. पुढे डिझेलच्या स्वस्ताईपायी कित्येक जीपांची मूळ इंजिनं भंगारात गेली. त्यामुळे आज मूळ पेट्रोल इंजिनावर चालणारी गाडी दिसली की जाणकार वळून बघतो. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पण ती मूळ स्वरूपात असावी लागते. तेव्हा इंजिन जपण्याला आता कागदोपत्रीही मोल आलं आहे.

या इंजिनाचे व्हॉल्व्ह हेडमध्ये नाहीत, सिलिंडरच्या शेजारी ब्लॉकमध्येच आहेत. हेड म्हणजे नुसतं झाकण. पेट्रोल-हवेचं मिश्रण आत जाण्याची आणि जळका वायू बाहेर पडण्याची वाट ब्लॉकच्या एकाच अंगाला. म्हणून इनटेक आणि एक्झॉस्ट, दोन्ही मॅनिफोल्ड एकाच भिंतीला शेजारी शेजारी बसतात. शिवाय ती एकमेकांनाही बोल्टांनी बांधलेली असतात. थंडीत पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून इनटेकच्या बुडाला एक्झॉस्टची ऊब दिली आहे. इंजिन तापल्यावर ती ऊब कमी करायला एक झडप आणि द्विधातूची स्प्रिंग. अमेरिकेतल्या हिवाळ्याला ही व्यवस्था छान. आपल्या वैशाखात तीच झडप गंजून ऊब देण्याच्या स्थितीतच अडकली, तर कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उकळायला लागतं.

म्हणजे सांधे तीन: एक्झॉस्ट आणि ब्लॉक, इनटेक आणि ब्लॉक, आणि या दोघांचा आपसातला. एक्झॉस्टची गळती बोलते. आवाज येतो, वास येतो, ब्लॉकवर काजळीचा पट्टा उमटतो. इनटेकची गळती मुकी. तिथून वायू बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत खेचली जाते. मिश्रण पातळ होतं, आयडलिंग डळमळतं, मध्येच कार्ब्युरेटरमधून फट् असा आवाज येतो. मग कार्ब्युरेटर तीनदा खोलला जातो. त्याआधी व्हॅक्यूम गेज लावावं. धडधाकट इंजिनात काटा १७ ते २१ इंचांच्या दरम्यान स्थिर राहतो; खाली अडकून बसला तर हवा कुठून तरी शिरते आहे.

फट शोधायला काही जण सांध्यावर पेट्रोल शिंपडतात. या इंजिनात हा आत्मघात आहे, कारण इनटेकखालीच तापलेला एक्झॉस्ट असतो. ब्रशने साबणाचं पाणी लावा. शिरणाऱ्या हवेबरोबर पाणी आत ओढलं जातं आणि इंजिनाची चाल क्षणभर बदलते.

आता खरं दुखणं. पॅकिंग बहुतेकदा निरपराध असतं. दीड फूट लांबीचं बीड ४०० अंशांनी तापलं तर सुमारे दोन मिलिमीटर लांबतं. पाण्याने गार राहणारा ब्लॉक तेवढा लांबत नाही. वर्षानुवर्षं ही ओढाताण चालते आणि मॅनिफोल्ड पीळ धरतं. माझ्या गाडीला एका गॅरेजने दोन वर्षांत तीन पॅकिंगं घातली आणि वर लाल सिलिकॉनचा थर चोपडला. सरळ पट्टी लावून बघायचं कुणाला सुचलं नाही. मी लावली, तर एका टोकाखालून फीलर गेजची बारा थाऊची (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) पात सहज आरपार गेली. सहा थाऊच्या वर फट असेल तर पॅकिंग बदलून उपयोग नाही, फेसिंगच करावं लागतं.

फेसिंगला देताना दोन्ही मॅनिफोल्ड एकत्र बांधून द्या. वेगवेगळी घासली तर दोन्ही सपाट होतील, पण एका पातळीत येतीलच असं नाही. मग एक टेकतं आणि दुसरं अधांतरी राहतं. जुनं पॅकिंग ॲस्बेस्टॉसचं असण्याची शक्यता मोठी. ते कोरडं खरवडू नका, भिजवून काढा. ती धूळ फुप्फुसात गेली की निघत नाही. गंजलेल्या स्टडला आदल्या रात्री तेल पाजा आणि सकाळी थोडी ऊब द्या. ब्लॉकमध्ये तुटलेला स्टड काढण्यात अख्खा दिवस जातो.

जोडताना क्रम चुकवू नका. दोघांमधले बोल्ट आधी नुसते हाताने लावायचे. मग जोडी ब्लॉकवर चढवून नट मधून कडेकडे, दोन-तीन फेऱ्यांत आवळायचे. ब्लॉकवर दोन्ही नीट टेकली की मगच आपसातले बोल्ट घट्ट करायचे. उलट केलंत तर मॅनिफोल्ड मोडण्याची भीती, आणि पीळ परत आलाच.

ही कसरत एल-१३४ पुरतीच; पुढच्या सीजे-३बी जीपमध्ये एफ-१३४ इंजिन आलं. त्यात इनटेकची वाट हेडच्या ओतकामातच आहे, त्यामुळे ही जोडी फुटली.

एल-१३४ ची जोडणी झाली की पन्नासेक किलोमीटर चालवल्यावर, इंजिन पूर्ण गार असताना, नट पुन्हा एकदा बघा. पहिल्या खेपेला एखादा तरी पाव फेरा फिरतोच.