माशाशेजारची ताकाची जागा

औंढा नागनाथला येणारा माणूस बहुधा दर्शनाला येतो. ज्योतिर्लिंग, काळ्या दगडातले यादवकालीन शिल्पकाम आणि नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळ फिरले ही आख्यायिका, एवढी या गावाची ओळख. तीत मासळीला जागा नाही, आणि देवळाच्या परिसरात ती नसावी हेही रास्तच. पण याच तालुक्यात पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण आहे, त्याच्या वरच्या अंगाला येलदरीचे धरण. पाणी आले की मासा येतो, आणि मासा आला की तव्यावर पडतो.

इकडे तळलेल्या माशाचे ताट कसे दिसते? ज्वारीची भाकरी, बुक्कीने फोडलेला कांदा, लिंबाची फोड, हिरव्या मिरचीचा ठेचा किंवा शेंगदाण्याची चटणी, आणि डोक्या-शेपटीचा रस्सा केला असेल तर त्याची वाटी. एक गोष्ट मात्र नसते: ताक. एरवी ज्वारीच्या मुलखात भाकरी आणि ताक यांची ताटातूट सहसा होत नाही. माशाच्या दिवशी होते. माझ्या मते मराठवाड्यातले हे ताट समजून घ्यायचे, तर या रिकाम्या जागेपासूनच सुरुवात करायला हवी.

त्याआधी एका शब्दाचा गुंता सोडवू. ‘तळलेल्या माशासोबत काय?’ हा प्रश्न मालवणात किंवा गोव्यात विचारला, तर तो उलटा वाटेल. तिथे जेवण म्हणजे भात आणि माशाची आमटी, गोव्यात ‘शीत-कडी’. तळलेली तुकडी ही त्या भाताचे तोंडी लावणे. सारस्वतांच्या घरी साध्या वरणभाताशेजारीही ती बसते, आणि अशा वेळी वरण मुद्दाम सौम्य ठेवतात. म्हणजे किनाऱ्यावर मासा कशाच्या तरी सोबत असतो. औंढ्याकडे तुकडीच ताटाची धनीण, आणि कांदा-लिंबू तिच्या तोंडी लावायला. फरक धान्याचा आहे. मऊ, ओलसर भाताला काहीतरी खरपूस, कुरकुरीत लागते. भाकरीला तो खरपूसपणा तव्यावरच मिळालेला असतो, तिला हवा असतो ओलावा आणि झणका.

समुद्र जवळ की दूर, याने हे ठरत नाही. भंडारा-गोंदिया समुद्रापासून औंढ्याहूनही लांब. पण तो माजी मालगुजारी तलावांचा आणि धानाचा मुलूख. तिथे ढिवरांच्या जाळ्यातला गोड्या पाण्यातला मासाही भाताशेजारीच जाऊन बसतो. उलट उजनीच्या पाण्यावर वाढलेल्या भिगवणकडच्या खानावळींत तळलेल्या चिलापीबरोबर भाकरी मागवली जाते.

आता ताक. मासा आणि दूध एकत्र खाऊ नये, हा निषेध चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, विरुद्ध आहाराच्या चर्चेत येतो. गंमत म्हणजे तिथेही वाद आहे: एक आचार्य एका विशिष्ट माशाचा अपवाद करून बाकी मासे दुधाबरोबर चालतील म्हणतो, आणि आत्रेय ते फेटाळतात. ग्रंथातला मुद्दा दुधाचा. लोकव्यवहाराने तो दह्या-ताकापर्यंत ताणला. बंगालात दह्यातला मासा आवडीने खातात, तेव्हा यात निसर्गनियम शोधण्यात अर्थ नाही. पण निषेध पाळला जातो, आणि जे पाळले जाते त्यावरच ताट घडते.

किनाऱ्याला हा निषेध जाचला नाही, कारण त्याच्याकडे नारळ आणि कोकम होते. सोलकढीकडे या नजरेने पाहावे. ती थंड, आंबट, पातळ. मिरची-लसणाचा ठसका तिला चालतो. जेवणाच्या शेवटी भातावर घेता येते, नुसती पिताही येते. ताकाची ही सगळी कामे ती करते, आणि तिच्यात थेंबभरही दूध नसते. नारळाचे ते नुसते नावाचे दूध. मराठवाड्यात कोकम उगवत नाही, नारळ देवापुढे फोडण्यापुरता. तिथे ताकाची जागा भरून काढायला एकटा पदार्थ नव्हता, म्हणून कामे वाटली गेली: आंबटपणा लिंबाने किंवा रश्शातल्या चिंचेने घेतला, ओलावा आणि गारवा कांद्याने.

लिंबाची निवड केवळ सोयीची नाही. समुद्राच्या माशाचा वास मुख्यतः ट्रायमिथिलअमाइन या द्रव्याचा. आम्लाशी संयोग झाला की ते उडून नाकापर्यंत येत नाही. गोड्या पाण्यातल्या माशाची तक्रार वेगळी: त्याला चिखलाचा वास येतो. तो जिओस्मिनचा, म्हणजे पहिल्या पावसात मातीला ज्याचा सुगंध येतो त्याच द्रव्याचा. अंगणात जो गंध आपण छाती भरून घेतो, तोच ताटात नको होतो! जिओस्मिनही आम्लात टिकत नाही. म्हणून मालवणचे कोकम आणि औंढ्याचे लिंबू वेगवेगळ्या वासांवर एकच इलाज करतात.

हे ताट फार प्राचीन असेल असे मात्र समजू नये. जलाशयांत सोडले जाणारे रोहू आणि मृगळ मुळात गंगेच्या खोऱ्याकडचे. १९५७ साली हिरालाल चौधुरी यांनी कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले, आणि त्यानंतर मत्स्यबीज देशभरच्या तलावांत पोहोचू लागले. त्याआधी पूर्णेतला मरळ, वाम आणि बारीकसारीक मासळी होतीच, पण बारीक मासा रश्शाचा. शिवाय तळायला तेल लागते, आणि गरिबाच्या घरी तेल मोजून वापरायचे. समुद्र इकडे आला तो सुकट आणि सुक्या बोंबलाच्या रूपाने, आठवडी बाजारातून. भाकरी, कांदा आणि झणझणीत कालवण ही जोडी सुक्या मासळीने आधीच जुळवून ठेवली होती. जाड तुकडी आली आणि त्या तयार जागेवर बसली, असा माझा तर्क आहे.

मराठवाड्याच्या स्वयंपाकाची लेखी नोंद मुळातच तुटपुंजी. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकाने २०१५ साली महार-मांग समाजांची खाद्यसंस्कृती कागदावर आणली, तेव्हा कितीतरी वाचकांना ती पहिल्यांदाच छापील दिसली. मासळीच्या बाबतीत तेवढेही झालेले नाही. उलट मराठवाड्यातल्या शहरांत आता ‘मालवणी थाळी’चे फलक दिसतात, आणि तळलेल्या रोहूशेजारी सोलकढीची वाटी येते. ती वाईट लागते असे नाही. फक्त मेनूकार्डावर सोलकढीला नाव आणि किंमत असते. कांदा, लिंबू आणि ठेचा फुकट मिळतात, त्यामुळे त्यांची नावे तिथे छापलेली नसतात.